शिकवणाऱ्याला कोण शिकवतं?



दहावीचे आणि आय.टी.आय.चे निकाल लागले की कारखान्याच्या ऑफिसात सभासदांची वर्दळ वाढते. हातात मुलाच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स, खिशात कुणाची तरी चिठ्ठी, आणि तोंडी एकच मागणी : "पोरगं मोकळं हिंडतंय, ॲप्रेंटिस म्हणून तरी घ्या." मागणी रास्त आहे. कारखाना आपला आहे, पोरगंही आपलंच आहे. मग जागा किती, विद्यावेतन किती आणि पुढे कायम करणार का, हे तीन प्रश्न हटकून विचारले जातात. चौथा प्रश्न मात्र आम्ही तरी आजवर कुणाच्या तोंडून ऐकला नाही. तो असा की, आमच्या पोराला शिकवणार कोण, आणि त्या शिकवणाऱ्याला शिकवायला कुणी शिकवलंय?

बैल घ्यायचा झाला तर आपण दात बघतो, खांदा बघतो, चार पावलं चालवून बघतो. उसाचं बेणं आणायचं तर मळा कुणाचा, बेणं किती महिन्यांचं, डोळा फुगलेला आहे की नाही, हे बघितल्याशिवाय ट्रॉली भरत नाही. आणि पोराची उमेदीची एक-दोन वर्षे ज्याच्या हाती द्यावयाची, त्याची चौकशी करावयाची नाही, हे काही बरोबर दिसत नाही.

या प्रश्नाचा माग काढीत आम्ही मध्यंतरी ठाण्यास जाऊन आलो. ठाणेच का, तर आपल्या भागातून नोकरीसाठी गेलेली माणसे तिथे पिढ्यानपिढ्या आहेत, आणि खाजगी कारखानदारीची जेवढी रूपे ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पट्ट्यात बघावयास मिळतात तेवढी इतरत्र क्वचितच. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली, ती ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्येच. रेमंडची लोकरीची गिरणी १९२५ पासून ठाण्यात होती, ती २००९ साली बंद झाली. शहाड, आंबिवलीला रेयॉनचे कारखाने निघाले, डोंबिवलीला रसायनांचे. काही चालू आहेत, काहींच्या जागी आता टोलेजंग इमारती उभ्या आहेत. गिरण्या गेल्या, पण त्यांत घडलेली माणसे अजून ठाण्यात आहेत.

स्टेशनावरून चालत पंधरा मिनिटांवर टेंभी नाका. तिथल्या नवरात्रातल्या देवीमुळे हे नाव आपल्याकडेही ठाऊक झालेले आहे. नाक्याजवळच्या एका चहाच्या हॉटेलात आपल्या एका सभासदाच्या चिरंजीवांनी ओळखीच्या चार मंडळींना बोलावले होते. चौघेही खाजगी कंपन्यांत कामगारांना शिकवणारे. कुणी नोकरीत, कुणी निवृत्त. "नावं छापू नका, कंपनीचंही नको," म्हणाले, म्हणून छापत नाही. पण चौघे चार वाटांनी या कामात आलेले होते, आणि खाजगी उद्योगात शिकवणारा माणूस कुठून येतो याचे उत्तर बहुतेक त्या एका टेबलाभोवतीच बसलेले होते.

पहिले गृहस्थ मूळचे टर्नर. लेथवर वीस-बावीस वर्षे काढली, चार्जहँड झाले, आणि पंचेचाळिशीच्या आसपास साहेबांनी बोलावून सांगितले की, सोमवारपासून ट्रेनिंग सेंटरला बसा. "बसा म्हणजे काय करा, ते कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. "मला स्वतःला तरी कुठं कुणी शिकवलं होतं? उस्तादाच्या मागं उभं राहून बघितलं. उस्ताद मापं घ्यायचा तेव्हा आमच्याकडं पाठ फिरवायचा. पोराला सगळं आलं तर आपली किंमत काय राहिली, ही भीती. ती भीती पण खोटी नव्हती हो." पहिल्या दिवशी वीस पोरांपुढे उभे राहिले तेव्हा पाय लटपटले, हेही त्यांनी हसत सांगितले. लेथपुढे कधी लटपटले नव्हते.

दुसरे नौदलातून आलेले. लोणावळ्याच्या आय.एन.एस. शिवाजीवर इंजिनाचे शिक्षण, मग जहाजावर, मग पंधरा वर्षांनी बाहेर. खाजगी कंपन्यांना असा माणूस आवडतो. त्याला वेळेची शिस्त असते, आणि सैन्यदलांत शिकवणे हे वेगळे काम मानून त्याची तयारी करून घेतलेली असते. धडा लिहून काढायचा, हत्यारे आधी मांडून ठेवायची, शिकवल्यावर करून घ्यायचे, ही सवय त्यांना तिथे लागली. त्यांची अडचण वेगळीच होती. जहाजावर शिकणारा पळून जाऊ शकत नाही. कंपनीतला कंत्राटी मुलगा दोन महिन्यांत दुसरीकडे दोन हजार जास्त मिळाले की निघून जातो.

तिसरे समाजकार्याची पदवी घेऊन कामगार कल्याण अधिकारी झालेले आणि तिथून ट्रेनिंग खात्यात आलेले. यंत्र त्यांना फारसे कळत नाही हे ते स्वतःच म्हणाले. पण माणूस का शिकत नाही, हे त्यांना कळते. रात्रपाळी करून आलेल्याला सकाळी नऊला वर्गात बसवले तर तो डुलक्याच घेणार. हे सांगायला पदवी लागत नाही, पण कंपनीत ते ऐकून घेतले जायला पदवी लागते, अशी त्यांची मल्लिनाथी.

चौथा तरुण इंजिनियर. त्याची दोन वर्षांसाठी ट्रेनिंगला बदली झालेली. "ट्रेनिंगला टाकलं म्हणजे बाजूला टाकलं, असंच समजतात आमच्यात," तो म्हणाला. यावर टर्नरकाकांनी त्याला दटावले, "अरे, बाजूला कशाचा? तुझ्या हातून गेलेलं पोरगं बॉयलरवर उभं राहणार आहे." इंजिनियर गप्प बसला. आम्हांस वाटते, तो मनातून खरेच बोलला होता. पुष्कळ ठिकाणी हे काम उतरत्या वयाच्या किंवा नकोशा माणसाला देतात. आपल्या सहकारातही याहून फार निराळे चित्र नाही.

आता, नुसते कसब असून का भागत नाही, हे आपल्या कारखान्यातल्याच उदाहरणाने सांगतो. पंपाच्या ग्लँडला दोरी भरणे हे फिटरच्या हाताखालच्या पोराला पहिल्या महिन्यात सांगितले जाणारे काम. जुना फिटर ते पाच मिनिटांत करतो. पोरगे बघते : दोरी कापली, घातली, वरून ग्लँड आवळली. झाले. पण जुन्या फिटरच्या हाताने मधल्यामध्ये दोन गोष्टी केलेल्या असतात, ज्या त्याच्या तोंडून येत नाहीत, कारण त्या आपण करतो हेच तो विसरून गेलेला असतो. एक म्हणजे प्रत्येक वळशाचा जोड तो आधीच्या जोडावर येऊ देत नाही, पाव फेरा फिरवून बसवतो. दुसरी म्हणजे तो ग्लँड पूर्ण आवळत नाही. थेंब थेंब पाणी गळू देतो, त्याने दोरी थंड आणि ओली राहते. पोराला वाटते, गळते म्हणजे आवळले नाही. ते पाना लावून गच्च आवळते, दोरी तापते, जळते, शाफ्टवर चरे पडतात, आणि मग सगळे म्हणतात की हल्लीच्या पोरांचे कामात लक्ष नाही.

ऊसतोडीचेही तसेच नाही का? नव्या तोडकऱ्याला आपण ओरडतो, "खालून तोड." का, ते सांगत नाही. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त असते, आणि वर राहिलेला खुंट खोडव्याला नडतो. हे एकदा समजले की तो वाकतो. न समजता किती दिवस वाकेल?

ही जी हातात असलेली आणि तोंडात नसलेली विद्या, ती बाहेर कशी काढावयाची, याचा पद्धतशीर विचार अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळी झाला. पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीच्या गोद्यांत नवखी माणसे भरावी लागली, तेव्हा चार्ल्स ॲलन नावाच्या गृहस्थांनी शिकवण्याच्या चार पायऱ्या बसवल्या होत्या, आणि १९१९ साली त्यावर पुस्तकही लिहिले. १९४० साली पुन्हा तीच वेळ आली. जुने कारागीर थोडे, कामे अफाट, आणि दारात उभ्या शेतावरून आलेल्या पोरी आणि पोरे. तेव्हा सरकारने 'उद्योगांतर्गत प्रशिक्षण' नावाची योजना काढली. ती चालवणारी माणसे विद्यापीठातली नव्हती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मुख्य चॅनिंग डूली तेल कंपनीतून आलेले, त्यांचे जोडीदार वॉल्टर डिट्झ टेलिफोनची यंत्रे बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमधून. कारखान्यातल्या माणसांनी कारखान्यातल्या माणसांसाठी केलेले ते काम होते. १९४५ साली योजना संपली तोवर सोळा हजारांवर कारखान्यांतल्या साडेसतरा लाख लोकांना त्यांनी प्रमाणपत्रे दिली.

त्यांचा शिकवणाऱ्यांसाठीचा वर्ग अवघा दहा तासांचा. रोज दोन तास, पाच दिवस, आणि एका वर्गात दहाच्या आसपास फोरमन. पहिल्या दिवशी शिकवणारा एक विजेच्या वायरची गाठ घेई. समोरच्या एकाला तो आधी नुसते तोंडाने सांगे की अशी अशी गाठ मार. त्याला जमत नसे. मग दुसऱ्याला एक शब्द न बोलता करून दाखवी. त्यालाही जमत नसे. मग तिसऱ्याला एकेक टप्पा सांगत, दाखवत, मर्माची जागा कुठली आणि ती तशीच का, हे बोलत शिकवी, आणि नंतर त्याच्याकडूनच करून घेई, तेही तोंडाने सांगत सांगत. तिसऱ्याला जमे. वीस वर्षे कारखान्यात काढलेले फोरमन हे बघून चाट पडत असत म्हणतात, कारण आजवर आपण पहिल्या दोन प्रकारांनीच शिकवत आलो हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसे.

चार पायऱ्या अशा की, आधी शिकणाऱ्याची भीती घालवून त्याला काय येते ते विचारून घ्यायचे. मग काम टप्प्याटप्प्याने दाखवायचे. मग त्याच्याकडून करून घ्यायचे. आणि मग त्याला कामावर सोडल्यावर वरचेवर जाऊन बघायचे. शिकणाऱ्याला आले नाही तर दोष शिकवणाऱ्याचा धरायचा, हा तिथला दंडक. आम्ही हे टेंभी नाक्यावर बोलून दाखवले तेव्हा टर्नरकाका म्हणाले, "हे चौथं आमच्यात कुणी करत नाही. वर्ग झाला, सही घेतली, फोटो काढला, संपलं."

ही पद्धत आपल्या देशात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांमार्फत आली, आणि मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत तिचे केंद्र चालले. म्हणजे ठाण्याहून गाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर. सरकारी बाजूने दुसरी वाट त्याहून जुनी. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना काही धंदा शिकवावा म्हणून केंद्रे निघाली, त्यांना निदेशक हवेत म्हणून १९४८ साली बिलासपूरजवळ कोनी येथे निदेशकांना शिकवणारी संस्था सुरू झाली. पुढे मुंबईतही शीव-चुनाभट्टीला तशी संस्था निघाली, तिला आज राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था म्हणतात. तिथला निदेशकाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा. आय.टी.आय. झालेला किंवा डिप्लोमा, डिग्री घेतलेला उमेदवार तिथे जातो, आपला ट्रेड पक्का करतो आणि शिकवण्याचे शास्त्रही शिकतो. आपल्या तालुक्याच्या आय.टी.आय.त असे निदेशक आपण पाहिलेले असतील. खाजगी कंपन्यांतही ते जातात, पण थोडे. तिकडे पगारावर सगळे ठरते.

शिवाय १९७० साली स्थापन झालेली, प्रशिक्षण आणि विकासाचे काम करणाऱ्यांची एक भारतीय संस्था आहे, तिचा डिप्लोमा नोकरी सांभाळून करता येतो. कल्याण अधिकारी असलेल्या गृहस्थांनी तो केलेला होता. सुरक्षेच्या बाबतीत तर आपल्या राज्याने १९८२ साली सेफ्टी ऑफिसरसाठी जे नियम केले त्यांत पदवी, अनुभव याबरोबर एक फार शहाणपणाची अट घातली होती, ती म्हणजे बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात ती त्याला आली पाहिजे. हे साधे कलम वाटते. पण डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी जे भीषण स्फोट झाले, ते ज्यांनी जवळून पाहिले त्यांना विचारा. त्या अपघातांच्या कारणांत आम्ही शिरत नाही, तो तपास करणाऱ्यांचा विषय. मात्र पिंपावरची सूचना इंग्रजीत, शिकवणारा हिंदीत आणि पिंप उचलणारा उडिया बोलणारा, असे दृश्य त्या पट्ट्यात नवलाचे नाही, असे चौघेही म्हणाले.

परदेशाचे एकच उदाहरण देतो. जर्मनीत कारखान्यात शिकाऊ मुले ठेवावयाची तर शिकवणाऱ्याने वेगळी परीक्षा पास व्हावी लागते. नुसता चांगला कारागीर असून चालत नाही. हा नियम १९७२ सालचा. मध्ये शिकाऊंच्या जागा वाढाव्यात, छोट्या धंदेवाल्यांना त्रास नको, म्हणून त्यांनी २००३ साली ही अट स्थगित केली. मग दर्जा घसरतो अशी ओरड झाली आणि २००९ पासून परीक्षा पुन्हा आली. सहा वर्षे सोडून बघितले आणि परत धरले. आपल्याकडे धरलेच नाही, तर सोडणार काय?

अर्थात कायदा अगदीच मुका आहे असे नव्हे. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्यात मालकाची कर्तव्ये सांगताना असे म्हटले आहे की, मालक स्वतः त्या ट्रेडमध्ये पात्र नसेल तर विहित पात्रतेचा माणूस शिकाऊच्या प्रशिक्षणावर नेमलेला असला पाहिजे, आणि शिकवणारे पुरेसे असले पाहिजेत. आपल्या कारखान्याचे मालक कोण? आपणच, सभासद. तेव्हा ते कलम आपल्यालाच उद्देशून आहे. २०१९ पासून तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे. म्हणजे मुले येणारच. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तेव्हा आमच्या भागात चर्चा झाली ती सहा हजार की आठ हजार की दहा हजार याची. मुलगा तिथे बसून शिकणार काय, ही चर्चा चावडीवर झाल्याचे आठवत नाही.

आणि हे काही नवे, शहरी खूळ आहे असे कुणी समजू नये. आपल्याच मातीतले उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात शिक्षक. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवीत असत. बढतीत डावलले गेले म्हणून नोकरी सोडून बेळगावला आले, सायकलीचे दुकान टाकले, पुढे लोखंडी नांगर केला. १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली तेव्हा तिथे कारागीर कुठले? आसपासच्या खेड्यांतली शेतकरी माणसे घेऊन त्यांनी ओतकाम, सुतारकाम, लेथकाम उभे केले. आपल्या आज्यांनी ज्या लोखंडी चरकावर उसाचा रस काढला, त्यांतले कित्येक चरक त्या माणसांनी बनवलेले. तो कारखाना चालवणारा आधी मास्तर होता, याचा त्या कारखान्याच्या यशाशी काही संबंध नाही, असे आम्हांस तरी वाटत नाही.

ऊस शेतीचेच पाहा. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये, जी १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून निघाली, आपल्यापैकी कितीतरी सभासद ज्ञानयागाला आणि भगिनी ज्ञानलक्ष्मीला जाऊन आल्या. तिथे शिकवणारे आधी प्लॉटवर नेतात, मग बोलतात. परत आल्यावर सरी रुंद केली, बेणेप्रक्रिया सुरू केली, ती त्यामुळे. शिकवणारा तयारीचा असला की काय होते, हे आपण आपल्या रानात बघितलेले आहे. मिल हाऊसमध्ये ते का होऊ नये?

या बाबतीत सगळ्यात नाजूक जागा आहे ती पॅनची. पॅनमनचे काम पुस्तकात पुरते येत नाही. प्रूफ स्टिकने नमुना काढावयाचा, काचेवर पसरून उजेडाला धरावयाचा, दाणा कसा बसलाय, मधे नवा बारीक दाणा उठतोय का, ते बघून पाणी द्यायचे की रस घ्यायचा ते ठरवावयाचे. चूक झाली तर साखर मळीत जाते, आणि मळीत गेलेली साखर म्हणजे आपल्या टनामागच्या दरातली रक्कम. आपल्या कारखान्यातले दोन ज्येष्ठ पॅनमन येत्या दोन हंगामांत निवृत्त होत आहेत. त्यांच्या हाताखाली पोरे आहेत, पण ती बघून शिकताहेत. त्यांतल्या एका दादांना आम्ही विचारले की, तुम्ही दाणा बघता म्हणजे नेमके काय बघता? ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "आता काय सांगू? दिसतंय ते." मग आम्ही त्यांच्याजवळ तासभर बसलो आणि एकेक विचारीत गेलो, तेव्हा नऊ गोष्टी निघाल्या. त्यांतल्या दोन ऐकून शेजारी उभा असलेला मदतनीस म्हणाला, "हे मला सहा वर्षांत ठाऊक नव्हतं."

ऑफ सीझनमध्ये मिलचे रोलर उतरतात, पंप उघडतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, सगळे यंत्र आतून दिसते. हंगामात ज्या फिटरला पोराशी बोलायला उसंत नसते त्याला तेव्हा असते. तेवढ्या काळात प्रत्येक विभागातल्या एका जाणत्या कामगाराला दहा तासांचा शिकवण्याचा वर्ग द्यावा, त्याच्या कामाचे टप्पे आणि मर्माच्या जागा त्याच्याकडून मराठीत लिहून घ्याव्यात, आणि शिकवणाऱ्याला त्याबद्दल वेगळा भत्ता द्यावा, अशी सूचना आम्ही कामगार कल्याण विभागाकडे लेखी दिलेली आहे. भत्त्याचे मुद्दाम लिहिले. उस्ताद पाठ का फिरवायचा ते टर्नरकाकांनी सांगितलेच आहे. ज्याच्या हातची विद्या घ्यायची त्याला ती देऊन तोटा होता कामा नये.

पॅनमन दादांच्या त्या नऊ गोष्टी आम्ही वहीत उतरवून घेतल्या आहेत. त्यांना वाचून दाखवल्यावर त्यांनी दोन दुरुस्त केल्या आणि एक नवी घातली. पुढच्या अंकात त्या छापण्याचा विचार आहे. ज्या सभासदांची मुले सध्या ॲप्रेंटिस आहेत त्यांनी मुलांना रोज संध्याकाळी एवढेच विचारावे की, आज तुला कुणी काय दाखवलं आणि मग तुझ्याकडून करून घेतलं का. उत्तरे आमच्याकडे ऑफिसात पोचती करावीत, नाव न घालता दिली तरी चालतील. वार्षिक सभेसाठी लेखी प्रश्न देताना या विषयावरचे प्रश्न वेगळ्या कागदावर लिहावेत, म्हणजे ते दराच्या प्रश्नांत हरवणार नाहीत.